चोक बिघडला की चोकअप झाला?

जुन्या आऊटबोर्ड इंजिनाची तक्रार बहुधा चोकच्या नावाने येते. दोष मात्र अनेकदा पेट्रोलच्या वाटेवर कुठेतरी दडलेला असतो.

आपल्या बोलण्यात ‘चोक’ हा शब्द दोन निरनिराळ्या अर्थांनी रुळला आहे. मोरी तुंबली की ती ‘चोकअप’ झाली, असे मुंबई-पुण्याचा माणूस सहज म्हणतो. आणि थंडीच्या सकाळी स्कूटर किकला दाद देईना की ‘चोक ओढून बघ’ असा सल्लाही तोच देतो. पहिल्या अर्थात नको असलेले तुंबणे आहे. दुसऱ्या अर्थात इंजिनाची हवा हेतुपुरस्सर, काही क्षणांपुरती अडवणे आहे. १ एप्रिल २०२० पासून ‘बीएस-६’ मानके लागू झाल्यावर नव्या दुचाकींत कार्बोरेटरची जागा बहुतांशी इंधन-इंजेक्शनने घेतली आणि चोकचा हा दुसरा अर्थ शहरी माणसाच्या स्मरणातून ओसरू लागला. कोकणातल्या खाड्यांमध्ये, लहान होड्यांच्या मागल्या फळीवर टांगलेल्या जुन्या आऊटबोर्ड इंजिनांत मात्र हा चोक अजूनही ओढला जातो, आत ढकलला जातो आणि त्याच्या नावाने बोटेही मोडली जातात.

तक्रारीचा मजकूर जवळजवळ ठरलेला असतो. चोक ओढला की इंजिन सुरू होते, चोक आत ढकलला की बंद पडते; सबब चोक खराब आहे. निष्कर्ष स्वाभाविक वाटला तरी तो बहुतेक वेळा उलटा असतो. चोक ओढल्यावर इंजिन चालते, याचा अर्थ चोक आपले काम चोख बजावतो आहे. इंजिनाला जे पेट्रोल चोकशिवाय मिळायला हवे, ते मिळत नाही, हा खरा प्रश्न आहे. म्हणजे बोलीतल्या दुसऱ्या अर्थाच्या ‘चोक’वर आळ घेतला जातो आणि गुन्हा असतो पहिल्या अर्थाच्या ‘चोकअप’चा!

हा शब्दच्छल केवळ गमतीचा नाही. अर्धा चोक ओढून दिवस ढकलणारे इंजिन भर वेगात बऱ्यापैकी चालते. ते दगा देते वेग कमी केल्यावर. धक्क्याला लागताना, जाळे ओढताना, खाडीच्या मुखाशी फुटणाऱ्या लाटांमधून वाट काढताना वेग कमी करावाच लागतो. हीच इंजिने पुराच्या वेळी रबरी बचाव-नौकांवरही चढतात. २०१९ मध्ये सांगली-कोल्हापुरात आणि २०२१ मध्ये महाड-चिपळुणात पाण्याने वेढलेल्या वस्त्यांत अशा नौका फिरताना वृत्तवाहिन्यांवर सर्वांनी पाहिल्या. पाण्यातल्या माणसाजवळ जाताना नौका हळू करावी लागते, आणि नेमक्या त्या क्षणी इंजिन विझले तर प्रवाह कोणाचीही वाट पाहत नाही. वर्षातले दहा-अकरा महिने गोदामात पडून राहणारे इंजिन या दुखण्याला विशेष बळी पडते, ही त्यातली आणखी एक विसंगती.

गळा आवळण्याचे प्रयोजन

कार्बोरेटर म्हणजे मुळात मध्यभागी चिंचोळी झालेली नळी. या अरुंद जागेतून हवा वेगाने जाते, तिथला दाब उतरतो आणि शेजारच्या लहानशा वाटीतले पेट्रोल बारीक छिद्रांतून वर खेचले जाऊन हवेत मिसळते. पेट्रोल पूर्ण जळण्यासाठी वजनाच्या हिशेबाने सुमारे १४.७ भाग हवेला १ भाग पेट्रोल लागते. परंतु जळते ती पेट्रोलची वाफ. थेंब जळत नाहीत. इंजिन थंड असताना आत गेलेल्या पेट्रोलचा मोठा भाग धातूच्या भिंतींवर ओल्या स्वरूपातच चिकटून राहतो. शिवाय हाताने दोरी ओढून फिरवलेल्या इंजिनाचा वेग इतका कमी असतो की, कार्बोरेटरमधून जाणाऱ्या हवेला पुरेसे पेट्रोल उचलण्याची ताकदच नसते. जुनी आऊटबोर्ड इंजिने बहुतांशी टू-स्ट्रोक. त्यांत मिश्रण आधी क्रँककेसमध्ये आणि मग सिलिंडरमध्ये जाते, म्हणून वाट आणखी लांब. कोकणात थंडी ती किती, मग चोक कशाला, असा प्रश्न कोणी विचारला तर त्याचे उत्तर हे असे आहे.

यावर उपाय म्हणून कार्बोरेटरच्या तोंडाशी एक गोल पत्रा बसवलेला असतो. चोकची मूठ ओढली की हा पत्रा आडवा होऊन हवेची वाट जवळजवळ बंद करतो. आत पिस्टन ओढ घेतच असतो. हवा मिळत नाही म्हणून ती सारी ओढ पेट्रोलच्या छिद्रांवर पडते आणि मिश्रण एकदम घट्ट होते. चोक म्हणजे गळा आवळणे, हा इंग्रजी शब्दाचा अर्थ इथे अक्षरशः खरा ठरतो. इंजिनाने पहिला ठसका दिला की गळा सैल करायचा असतो, कारण त्यानंतर तेवढे पेट्रोल पचत नाही.

जाता जाता एक खुलासा. चेतकसारख्या जुन्या स्कूटरवर ज्याला आपण चोक म्हणत होतो, तो असा पत्रा नव्हताच. तिथे जादा पेट्रोलची एक स्वतंत्र वाट उघडली जात असे. आऊटबोर्ड इंजिनांतही हे दोन्ही प्रकार आढळतात. जॉन्सन आणि एविनरूड या अमेरिकन भावंडांच्या अनेक नमुन्यांत १९८० च्या दशकात पत्र्याचा चोक जाऊन विजेवर चालणारी ‘प्रायमर’ झडप आली, जी बटण वा चावी दाबली की थेट इंजिनात पेट्रोलची पिचकारी सोडते. यापैकी एविनरूड हे नाव १९०९ पासूनचे. २०२० मध्ये या इंजिनांचे उत्पादन थांबले. पाण्यावर मात्र ती अजून चालताना दिसतात. तेव्हा दुरुस्तीला हात घालण्यापूर्वी आपल्या इंजिनात पत्रा आहे की प्रायमर, एवढे तरी माहीत असलेले बरे.

आधी डोळ्यांनी पाहावे

चोक स्वतः कधी बिघडतच नाही, असे नाही. खारे वारे कोणत्याही धातूला सोडत नाहीत. पत्रा ज्या बारीक दांड्यावर फिरतो तो गंजून जड होतो, परतीची स्प्रिंग तुटते, मुठीपासून येणारी तार वा सळई ढिली पडते. यासाठी अंदाज बांधत बसण्याचे कारण नाही. इंजिनाचे झाकण काढावे, कार्बोरेटरच्या तोंडावरचे हवेचे आवरण सोडवावे आणि कोणाला तरी मूठ ओढायला सांगून पत्र्याकडे पाहावे. मूठ पूर्ण बाहेर असताना पत्रा तोंडाला चपखल बसला पाहिजे. मूठ आत असताना तो हवेच्या दिशेने सरळ उभा राहिला पाहिजे. दोन-तीन कार्बोरेटर असलेल्या इंजिनात सर्व पत्रे एका सळईने जोडलेले असतात. त्यांतला एखादाच अर्धवट फिरत असेल तर तेही इथेच दिसते. हे पाहायला पाच मिनिटे लागतात. तरीही ही पाच मिनिटे वाचवून थेट नवा प्लग आणला जातो, हा अनुभव सार्वत्रिक आहे.

विजेच्या चोकमध्ये चावी दाबताच ‘टक’ असा आवाज यायला हवा. आवाज नसेल तर तारेचे टोक हिरवट झाले आहे का, बॅटरीचा ताण पुरेसा आहे का, हे आधी तपासावे. आवाज येतो पण पत्रा हलत नाही, असे असेल तर आतला दांडा मिठाने जाम झाला असण्याची शक्यता अधिक.

पत्रा बंदच अडकला तर लक्षणे वेगळी होतात. इंजिन कष्टाने, दर दुसऱ्या फेरीला जळत असल्यासारखे गुरगुरते, धूर वाढतो, पेट्रोल नेहमीपेक्षा झपाट्याने संपते आणि प्लग काढून पाहिला तर काळा व ओलसर निघतो. मात्र इथेही घाईने न्याय करू नये. कार्बोरेटरच्या वाटीत पेट्रोलची पातळी राखणारा तरंगणारा फ्लोट आणि त्याची सुई असते. सुईखाली कचऱ्याचा एक कण अडकला तर पेट्रोल थांबत नाही, वाटी भरून वाहते, आणि चिन्हे हुबेहूब अडकलेल्या चोकसारखीच दिसतात. फार जुन्या इंजिनांत हे फ्लोट बुचाच्या लाकडाचे असत. त्यावरचा लेप गेला की ते पेट्रोल पिऊन जड होतात आणि बुडू लागतात.

आणखी एक प्रकार निव्वळ मानवी आहे. पहिल्या ठसक्यानंतरही चोक पूर्ण ओढून दोरी हिसकत राहिले की इंजिनात पेट्रोल साचते. पेट्रोलचा उग्र वास आणि ओला प्लग ही त्याची खूण. मग चोक आत ढकलावा, गिअर न्यूट्रलला आहे याची खात्री करावी, इंजिन परवानगी देईल तितकी रेस उघडावी आणि दोरी आठ-दहा वेळा ओढावी. साचलेले पेट्रोल हवेबरोबर निघून जाते. तेवढ्याने भागले नाही तर प्लग काढून पुसावे. प्लग बाहेर असताना दोरी ओढायची तर इंजिन बंद करणारी सुरक्षा-दोरीची क्लिप आधी काढून ठेवावी. बाहेर उडणाऱ्या पेट्रोलच्या तुषारांना एक ठिणगी पुरते.

रबरी फुग्याची साक्ष

आता मूळ तक्रारीकडे वळू: चोकवर चालते, चोक काढला की विझते. पत्रा नीट फिरतो, हे डोळ्यांनी पाहून झाले आहे. म्हणजे पेट्रोल कमी येते किंवा नको तिथून हवा जास्त शिरते. या दोहोंतला भेद कसा करावा? त्यासाठी टाकी आणि इंजिन यांच्यामधल्या नळीवरचा, मुठीत मावणारा रबरी फुगा उपयोगी पडतो. एरवी त्याचे काम सुरू करण्यापूर्वी दाबून कार्बोरेटर भरण्यापुरते. पण इंजिन मरू लागले असताना हा फुगा हाताने दाबत राहावे. इंजिन सावरले तर कार्बोरेटर बव्हंशी निर्दोष आहे. पेट्रोल त्याच्यापर्यंत पोहोचत नाही, एवढेच. फुगा दाबूनही काही फरक पडला नाही तर दोष कार्बोरेटरच्या आत किंवा त्याच्या पलीकडे आहे. एक पैसा खर्च न करता अर्धे निदान हातात येते. माझ्या मते आऊटबोर्डच्या देखभालीत एवढी स्वस्त आणि एवढी दुर्लक्षित दुसरी परीक्षा नाही.

फुगा आणखीही बोलतो. चालत्या इंजिनावर तो चपटा होऊन आत ओढला जात असेल तर अडथळा त्याच्या मागे, टाकीच्या बाजूला आहे. अशा वेळी प्रथम टाकीच्या झाकणावरचा हवेचा स्क्रू उघडा आहे का, ते पाहावे. वाहतुकीत पेट्रोल सांडू नये म्हणून तो बंद केला जातो आणि उघडायचा राहून जातो. टाकीत हवा शिरत नाही म्हणून पेट्रोल बाहेर येत नाही. हसू येईल इतके साधे कारण असले तरी खाडीच्या मध्यावर बंद पडलेल्या होडीत ते कोणाला सुचेलच असे नाही. स्क्रू उघडा असेल तर टाकीच्या तळाशी गेलेल्या नळीची जाळी पाहावी. याउलट फुगा कितीही दाबला तरी टणक होत नसेल, तर कुठेतरी हवा शिरते आहे, पेट्रोल गळते आहे किंवा फुग्यातल्या झडपा गेल्या आहेत. नळीच्या टोकाच्या जोडणीतली छोटी रबरी रिंग झिजली तरी एवढे घडते. पेट्रोलचा थेंबही बाहेर दिसत नाही, पण इंजिन ओढ घेते तेव्हा तिथून हवा मात्र आत येते.

फुगा आणि नळी निर्दोष ठरली तर राहतो तो इंजिनावरचा पेट्रोल-पंप. लहान आऊटबोर्डमध्ये तो क्रँककेसमधल्या दाबाच्या चढउताराने हलणाऱ्या एका पातळ पडद्यावर चालतो. पडदा ताठर झाला की पंप अपुरा पडतो. तो फाटला तर गंमत अशी होते की, पेट्रोल कार्बोरेटरला चुकवून थेट एका सिलिंडरच्या क्रँककेसमध्ये झिरपू लागते. म्हणजे एकीकडे इंजिन उपाशी आणि त्याच वेळी एक प्लग ओलाचिंब. वरकरणी परस्परविरोधी दिसणारी ही दोन चिन्हे एकत्र आली की संशय पंपाच्या पडद्यावर घ्यावा.

केसासारखे छिद्र

फुगा दाबूनही इंजिन सावरले नाही, तर कार्बोरेटर उघडण्याला पर्याय नाही. मंद गतीसाठी पेट्रोल पुरवणारे जेट म्हणजे पितळेचा एक चिमुकला स्क्रू. त्याच्या पोटातले छिद्र एक मिलिमीटरपेक्षाही बरेच लहान असते. उभ्या इंजिनात राहून गेलेल्या पेट्रोलमधला हलका भाग उडून जातो आणि मागे चिकट, पिवळसर राळ उरते. टू-स्ट्रोकच्या पेट्रोलमध्ये तेलही मिसळलेले असल्याने हा लगदा अधिकच दाट होतो. पाणी शिरले असेल तर वाटीच्या तळाशी अॅल्युमिनियमची पांढरी भुकटी साचते. यातले काहीही त्या छिद्रात बसले की मंद गतीचे पेट्रोल बंद. भर वेगात दुसरे, मोठे जेट काम करते, म्हणून इंजिन तेव्हा ठीक वाटते. रेस कमी केली की विझते. सुरुवातीला वर्णिलेला, धक्क्याजवळ वा पूरग्रस्तापाशी दगा देण्याचा स्वभाव येतो तो इथून.

जेट साफ करताना टाचणी किंवा पोलादी तार खुपसण्याचा मोह आवरावा. पितळ मऊ असते. छिद्र किंचित मोठे झाले वा ओरखडले गेले तर मिश्रणाचे माप कायमचे बिघडते. जेट काढून कार्बोरेटर-क्लीनरमध्ये भिजवावे आणि दाबाच्या हवेने फुंकावे. उजेडासमोर धरल्यावर छिद्र स्वच्छ गोल दिसले पाहिजे. कार्बोरेटरच्या अंगातल्या वाटाही तशाच फुंकाव्यात, कारण नुसते जेट धुऊन ते पुन्हा घाणीत बसवण्यात अर्थ नाही. बाहेरच्या अंगाला मंद गतीच्या मिश्रणाचा स्क्रू असतो. तो काढण्यापूर्वी हलक्या हाताने आत फिरवून किती फेरे बसतात ते मोजून लिहून ठेवावे. तो जोराने आवळला तर त्याचे निमुळते टोक आणि त्याची बैठक, दोन्ही खराब होतात. अनेक इंजिनांत सुरुवातीसाठी एक ते दीड फेरा उघडा ठेवतात आणि इंजिन गरम झाल्यावर अंतिम माप ठरवतात. आपल्या नमुन्याचा नेमका आकडा माहितीपुस्तिकेतूनच घ्यावा.

कार्बोरेटर स्वच्छ असूनही तक्रार कायम राहिली तर नको तिथून शिरणाऱ्या हवेचा शोध घ्यावा लागतो. कार्बोरेटर इंजिनाला जिथे जोडला जातो तिथले गॅस्केट चिरते किंवा त्याचे नट सैल होतात. मंद गतीवर चालणाऱ्या इंजिनाच्या त्या सांध्यावर थोडे टू-टी तेल लावून पाहावे. आवाजाची पट्टी बदलली तर चोर सापडला. क्रँकशाफ्टचे सील झिजले असतील तर मात्र काम मिस्त्रीकडेच जाते. आणि सिलिंडरचा दाबच उतरला असेल तर चोक, जेट, पंप या साऱ्यांची चर्चा व्यर्थ आहे.

‘अर्धा चोक ठेवून चालते ना, मग चालू द्या’ ही वृत्ती सर्वांत महाग पडते ती टू-स्ट्रोकमध्ये. या इंजिनात पिस्टन आणि बेअरिंगला मिळणारे तेल पेट्रोलमधूनच येते. पेट्रोल कमी पडले की तेलही कमी पडते, आणि पातळ मिश्रण जास्त तापते, ते वेगळेच. दोन सिलिंडरच्या इंजिनात एकाच कार्बोरेटरचे जेट तुंबले असेल तर अर्ध्या चोकने निरोगी सिलिंडरला गरजेपेक्षा जास्त पेट्रोल मिळते, त्याचा प्लग काजळतो; आजारी सिलिंडर मात्र तरीही उपाशीच राहतो. शेवटी पिस्टन सिलिंडरला धरतो. जेट साफ करण्याचा खर्च आणि नवा पिस्टन बसवून सिलिंडर बोअर करण्याचा खर्च यांची तुलना करण्याची गरज नाही.

नवे पेट्रोल, जुनी नळी

गेल्या काही वर्षांत या दुखण्यात एक नवी भर पडली आहे. देशात २० टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलची विक्री फेब्रुवारी २०२३ मध्ये निवडक पंपांवर सुरू झाली आणि २०२५ पर्यंत हे प्रमाण देशभर सर्वसाधारण झाले. धोरण म्हणून त्याचे गुणदोष काहीही असोत, जुन्या आऊटबोर्डच्या दृष्टीने त्याचे परिणाम सरळ आहेत. इथेनॉलच्या रेणूत ऑक्सिजन असतो, त्यामुळे तेवढ्याच हवेला अधिक इंधन लागते. साध्या पेट्रोलसाठी जे १४.७ चे प्रमाण सांगितले, ते या मिश्रणासाठी साडेतेराच्या आसपास येते. वीस-तीस वर्षांपूर्वी साध्या पेट्रोलसाठी पाडलेल्या जेटच्या छिद्राला हे ठाऊक नसते. ते पूर्वीइतकेच इंधन सोडते आणि मिश्रण आपोआप पातळ होते. शिवाय इथेनॉलची वाफ व्हायला उष्णता जास्त लागते. परिणामी, पूर्वी एक-दोन हिसक्यांत सुरू होणारे इंजिन आता चोक जरा जास्त वेळ मागू लागले, तर त्याला केवळ म्हातारपण म्हणून चालणार नाही.

दुसरा मुद्दा पाण्याचा. इथेनॉल हवेतली आर्द्रता शोषून घेते, आणि कोकणच्या किनाऱ्यावर आर्द्रतेला तोटा नाही. अर्धी रिकामी टाकी पावसाळाभर पडून राहिली की, पाण्याचे प्रमाण एका मर्यादेपलीकडे गेल्यावर पाणी आणि इथेनॉल एकत्र होऊन पेट्रोलपासून वेगळे होतात व तळाशी बसतात. टाकीतून पेट्रोल उचलणारी नळी तळाशीच असते. त्याहून गंभीर म्हणजे टू-टी तेल वरच्या पेट्रोलच्या थरात राहते. तळाच्या थरात ते जवळजवळ नसतेच. असे इंजिन चोक ओढून, रेस देऊन कसेबसे चालवले, तर ते तेलाविना चालवल्यासारखेच होते. तेव्हा महिनोन्‌महिने पडून राहिलेले पेट्रोल वापरून संपवण्याचा काटकसरीपणा इथे उपयोगाचा नाही.

जुन्या रबराचाही प्रश्न आहे. इथेनॉलचा विचार न करता बनवलेल्या नळ्या आणि पंपांचे पडदे फुगतात, मऊ पडतात. नळीचा आतला थर सुटून झडपेसारखा आडवा येतो, अशीही उदाहरणे असतात. फुग्याने ढकललेले पेट्रोल जाते, पण इंजिनाने ओढ घेतली की तो थर वाट बंद करतो. बाहेरून अशी नळी ठणठणीत दिसते. म्हणून फार जुनी नळी आणि फुगा संशय येण्याची वाट न पाहता इथेनॉलला टिकणाऱ्या मालाने बदलावेत, हे उत्तम. केरळात अनेक मच्छीमार आऊटबोर्ड रॉकेलवर चालवतात. तिथे इंजिन पेट्रोलवर सुरू करून गरम झाल्यावर रॉकेलवर नेण्याची आणि बंद करण्याआधी पुन्हा पेट्रोलवर आणण्याची रीत आहे. शेवटची पायरी गाळली तर कार्बोरेटरमध्ये रॉकेल उरते आणि दुसऱ्या दिवशी कितीही चोक ओढला तरी थंड इंजिन दाद देत नाही.

काम संपवून इंजिन ठेवताना घ्यायची काळजी फारशी कठीण नाही. गोड्या पाण्याच्या पिंपात इंजिन चालवून मीठ धुवावे. पाण्याविना ते क्षणभरही चालवू नये, कारण थंड पाणी खेचणारी आतली रबरी चक्री कोरडी फिरली की जळते. हे काम उघड्यावर करावे, बंद शेडमध्ये नव्हे. धुरातला कार्बन मोनॉक्साइड वास न देता मारतो. मंद गतीवर चालत असतानाच पेट्रोलची नळी सोडून कार्बोरेटरमधले पेट्रोल बरेचसे संपू द्यावे आणि वाटीच्या तळाचा स्क्रू उघडून उरलेले काचेच्या बाटलीत काढावे. बाटलीच्या तळाशी पाण्याचा वेगळा थर किंवा मणी दिसले, तर टाकी रिकामी करूनच पुढे जावे. चोकच्या दांड्यावर तेलाचे दोन थेंब सोडून मूठ आत-बाहेर करावी. नारळी पौर्णिमेनंतर होड्या पुन्हा पाण्यात उतरतात, त्याआधी मिस्त्रींकडे होणाऱ्या गर्दीतले निम्मे काम एवढ्याने वाचावे.

बचाव-नौकांच्या बाबतीत मात्र वर्षातून एकदा पाहून भागणार नाही. महिन्यातून एकदा ताजे पेट्रोल भरून इंजिन पिंपात सुरू करावे. चोक पूर्ण आत ढकलून, रेस न देता ते दहा मिनिटे मंद गतीवर चालू द्यावे. मग बंद करून लगेच चोकला हात न लावता पुन्हा सुरू करावे. गरम इंजिन चोकशिवाय सुरू झाले नाही, किंवा त्या दहा मिनिटांत एकदाही विझले, तर ते नौकेवर चढवण्याआधी कार्बोरेटर उघडावा लागेल.